पाच तासांचा सिनर: दम कमी पडतो की आणखी काही?

चौथा_सेट (धागाकर्ता), ९ जून २०२५

काल रात्री बारा वाजून गेले तरी टीव्हीसमोरून हललो नाही. आवाज बंद, घरचे झोपलेले आणि मी उशी तोंडावर धरून ओरडतोय. आज डोकं जड आहे, त्यामुळे काही वेडंवाकडं लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या.

फ्रेंच ओपन टेनिसची फायनल, इटलीचा सिनर आणि समोर स्पेनचा अल्कराझ. सिनरने पहिले दोन सेट ६-४, ७-६ असे खिशात घातलेले. चौथ्यात ५-३, अल्कराझच्या सर्व्हिसवर ०-४०. म्हणजे विजेतेपदाचे तीन पॉइंट, ओळीने. तिन्ही गेले. पुढच्या गेममध्ये स्वतःच्या सर्व्हिसवर सामना मिटवायची संधी होती, तीही गेली. शेवटी पाचव्या सेटचा, ६-६ बरोबरीनंतरचा, दहा पॉइंटांचा टायब्रेक २-१० असा हरला. ५ तास २९ मिनिटं. फ्रेंच ओपनच्या इतिहासात एवढी लांब फायनल झालेली नाही.

पोरगा तेवीस वर्षांचा आहे, जगात पहिल्या नंबरवर आहे, पण घड्याळाचा काटा चार तासांच्या पुढे सरकला की त्याचं काहीतरी बिनसतं. आठवून बघा:

२०२२, यूएस ओपन, समोर अल्कराझच. ५ तास १५ मिनिटं, पहाटे पावणेतीनच्या पुढे संपला. चौथ्या सेटमध्ये सिनरकडे मॅच पॉइंट (तो एक पॉइंट घेतला की सामना जिंकला) होता. हरला.
२०२३, पॅरिस (म्हणजे फ्रेंच ओपनच), समोर आल्टमायर. ५ तास २६ मिनिटं. दोन मॅच पॉइंट होते. हरला.
२०२३, यूएस ओपन, झ्वेरेव. ४ तास ४१ मिनिटं, पायात गोळे. हरला.
२०२४, पॅरिस, उपांत्य फेरी, पुन्हा अल्कराझ. चार तासांच्या वर. हरला.

कालचा धरून पाच तासांच्या वरचे तीन सामने, त्यांत मिळून सहा मॅच पॉइंट आणि विजय शून्य. याला दम कमी पडणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

---

निशाचर

असहमत. जोरात असहमत.

दम संपलेला माणूस पाचव्या सेटमध्ये, अल्कराझ ५-४ वर सामना जिंकायला सर्व्हिस करत असताना, ती सर्व्हिस मोडतो का, म्हणजे त्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकतो का? आणि नंतर ६-५ अशी आघाडी घेतो का? पूर्ण सामन्याचे पॉइंट मोजा. सिनर १९३, अल्कराझ १९२. हरलेल्याने एक पॉइंट जास्त जिंकलाय.

ते तीन चॅम्पियनशिप पॉइंट आले तेव्हा पाचवा सेट सुरूही झाला नव्हता. तिथे दम कुठून आला मध्ये? समोरच्याने धाडस केलं, याने सावध खेळ केला. बस्स.

---

चौथा_सेट

एक पॉइंट जास्त जिंकून काय उपयोग, त्या टायब्रेकमध्ये ०-७ झाले होते हो! तो सिनर आणि पहिल्या दोन सेटमधला सिनर एकच माणूस वाटत होता का?

---

गुडघेवाली_ताई

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि दोघेही "दम" हा शब्द फार सैल वापरताय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. टेनिसपटू माझ्याकडे फारसे येत नाहीत, पळणारे आणि गुडघे धरून येणारे जास्त. तरी सांगते.

साडेपाच तास सामना चालला म्हणजे साडेपाच तास पळापळ चालली असं नाही. चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ घड्याळाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका, जलद कोर्टवर त्याहूनही कमी. बाकीचा वेळ टॉवेल, चेंडू निवडणं, बाजू बदलणं. दोन पॉइंटांमध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९० सेकंद. त्यामुळे मॅरेथॉनवाल्याचा दम इथे पुरत नाही. इथे शेकडो छोट्या झेपा असतात आणि प्रश्न असा असतो की त्या २५ सेकंदांत नाडी किती खाली येते. पहिल्या तासात ती झपकन उतरते. चौथ्या तासात उतरायच्या आतच पुढचा पॉइंट सुरू होतो.

दुसरं, इंधन. स्नायूंत साठवलेली साखर दोन-तीन तासांच्या जोरदार खेळात बरीचशी संपते. म्हणून बाजू बदलताना ते सारखं काहीतरी चावत, पीत असतात. तासाला तीसेक ते साठेक ग्रॅम कर्बोदकं, लांब सामन्यात सरावलेलं पोट असेल तर त्याहून जास्त. एकदा मागे पडलात की भरून काढणं अवघड, कारण ताणात पोट ते घेतच नाही.

तिसरी गोष्ट टीव्हीवर दिसत नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. थांबणं! बाजूला धावत जाऊन पाय रोवून थांबायचं आणि उलट दिशेला वळायचं, यात मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात. पळण्यापेक्षा याने स्नायू जास्त झिजतात. चौथ्या तासात माणूस धापा टाकताना दिसत नाही, फक्त चेंडूपाशी अर्धं पाऊल उशिरा पोचतो. अर्धं पाऊल उशीर म्हणजे फोरहँड चार बोटं बाहेर. सोफ्यावरून आपण म्हणतो, "घाबरला."

आता गोळे. ते का येतात यावर अजून वाद आहे. मीठ-पाणी कमी झालं म्हणून, असं एक मत. दमलेल्या स्नायूवरचा मज्जातंतूंचा ताबा सुटतो म्हणून, असं दुसरं. मानसिक ताण यात भर घालतो हे खेळाडू स्वतःच सांगतात. २०२३ च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत जोकोविचसमोर अल्कराझचं अंग आखडलं, ते तिसऱ्या सेटच्या सुरुवातीला. दोन सेट झाले होते, वीस वर्षांचा मुलगा, दम संपायची वेळच नव्हती. नंतर त्याने सरळ सांगितलं की सामन्याचं दडपण होतं.

नियमही कडक आहे. गोळ्यांसाठी मेडिकल टाइमआउट मिळत नाही, उपचार फक्त बाजू बदलताना. तेवढं थांबवत नसेल तर बाजू बदलेपर्यंतचे पॉइंट सोडून द्यायचे. त्या दिवशी अल्कराझला एक अख्खा गेम असाच सोडावा लागला. पुढचे दोन सेट १-६, १-६.

(अवांतर: गोळ्यांवर काकडीच्या लोणच्याचं पाणी पितात ते खरंच काम करतं असं दिसतं. मजा म्हणजे ते रक्तात मिसळायच्या आधीच आराम पडतो. तोंडात-घशात त्या आंबट-खारट चवीने जी चेतना जाते तिचा परिणाम असावा असं मानतात.)

---

फक्त_वाचतो

ताई, म्हणजे मी जिना चढताना अर्धं पाऊल उशिरा पोचतो ते मांड्यांमुळे, घाबरून नाही. हे घरी दाखवायला प्रिंट काढतोय.

---

जुना_व्हॉली

तुम्हा मंडळींना दोन वर्षांपूर्वीचंही आठवत नाही, म्हणून जरा जुनं.

विम्बल्डन २००५. अठरा वर्षांचा मरे नालबंडियनविरुद्ध दोन सेट पुढे. नंतरचे तीन सेट ०-६, ४-६, १-६. पाय चालेनात. सगळे म्हणाले, हात सोन्याचे, शरीर काडीचं. सात वर्षांनी, २०१२ च्या यूएस ओपन फायनलमध्ये तोच मरे दोन सेटची आघाडी घालवून बसला, समोर जोकोविच, आणि तरी पाचवा सेट ६-२ ने घेतला. ४ तास ५४ मिनिटं. मधल्या सात वर्षांत त्याने काय केलं असेल ते त्या दोन सामन्यांचे फोटो शेजारी ठेवले की कळतं. नुसते खांदे आणि मांड्या बघा.

आणि जोकोविच! आज लोखंडाचा वाटतो. २००९ मध्ये मेलबर्नच्या (ऑस्ट्रेलियन ओपनच्या) उन्हात रॉडिकविरुद्ध सामना अर्धवट सोडून गेला होता. २०१० ला तिथेच त्सोंगासमोर पोट बिघडून पाचव्या सेटमध्ये कोसळला. सोबतचे खेळाडू चेष्टा करायचे की याला रोज नवीन दुखणं. मग खाणं बदललं, गहू बंद केला, २०११ मध्ये तीन ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी). २०१२ च्या ऑस्ट्रेलियन फायनलमध्ये नदालशी ५ तास ५३ मिनिटं खेळून जिंकला.

तेवीस वर्षांच्या पोराला "याच्यात दमच नाही" असा शिक्का मारायची घाई कशाला?

---

चौथा_सेट

जुना_व्हॉली काका, शिक्का नाही मारत हो. आवडता खेळाडू आहे म्हणून जीव जळतो.

---

भिंतीवरचा_चेंडू

मी मुलांना शिकवतो, स्पर्धा खेळणाऱ्या. धाग्याचा विषय रोजचा असल्यामुळे लिहायला बसलो, लांबेल.

माझ्याकडे एक सोळा वर्षांची मुलगी आहे. मागच्या मोसमात तिसऱ्या सेटमध्ये ४-१ पुढे असताना हरली. वडील दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर: "सर, स्टॅमिना वाढवा हिचा, रोज पाच किलोमीटर पळवा." मी म्हटलं, दोन दिवस हिला रॅकेटला हात लावू देऊ नका आणि माझ्याशीही बोलू नका. मग आम्ही तिघांनी बसून व्हिडिओ पाहिला, प्रत्येक पॉइंट वहीत लिहिला. निघालं काय? तिसऱ्या सेटमध्ये तिची रॅलीतली (चेंडूच्या देवाणघेवाणीतली) हालचाल पहिल्या सेटइतकीच होती. पडली होती ती दुसरी सर्व्हिस (पहिली चुकली की मिळते ती). दमल्यावर डावा हात वर जायचा कमी झाला होता, चेंडू खाली उडत होता, सर्व्हिस नेटच्या जेमतेम वरून लोण्यासारखी जात होती. समोरची प्रत्येक वेळी पुढे येऊन मारत होती. त्यामुळे हिला प्रत्येक पॉइंट बचावातून सुरू करावा लागत होता आणि बचावात माणूस दुप्पट पळतो. दमल्यामुळे सर्व्हिस पडली की सर्व्हिस पडल्यामुळे दमली? दोन्ही. पण औषध एकाच टोकाला लावता येतं.

पाच किलोमीटर पळवलं नाही. सरावाच्या शेवटच्या वीस मिनिटांत, पाय जड झालेले असताना, ४-५ मागे आणि एकच सर्व्हिस, असा खेळ लावला. पहिले दोन आठवडे ती रडली. (वडीलही.) या मोसमात तसेच दोन सेट तिने काढले.

आता सिनर. बाकी सगळे विसरताय ती गोष्ट सांगतो. तो फेब्रुवारी ते मेच्या सुरुवातीपर्यंत उत्तेजक-चाचणी प्रकरणातल्या बंदीमुळे तीन महिने एकही सामना खेळलेला नव्हता. रोममध्ये परतला, तिथे फायनलला अल्कराझकडून हरला आणि पॅरिस ही बंदीनंतरची दुसरीच स्पर्धा. त्यातही फायनलपर्यंत एक सेट हरला नव्हता. सरावात सगळं घोटता येतं, पण चौथ्या सेटमध्ये ५-३ वर हात कसा वागतो याचा सराव फक्त सामन्यात होतो. तो त्याला मिळालाच नव्हता. बंदीच्या बऱ्या-वाईटात मी इथे शिरत नाही, त्यावर वेगळा धागा भांडून भांडून बंद झालाय.

---

निशाचर

"दमल्यामुळे सर्व्हिस पडली की सर्व्हिस पडल्यामुळे दमली" हे पटलं. माझा जोर थोडा कमी करतो. थोडाच.

---

टायब्रेकर, १४ जुलै २०२५

धागा वर काढतोय, कारण काढायलाच हवा!

पस्तीस दिवस. फक्त पस्तीस दिवसांनी सिनरने त्याच अल्कराझला विम्बल्डनच्या फायनलमध्ये ४-६, ६-४, ६-४, ६-४ हरवलं. चौथ्या सेटमध्ये ४-३ वर स्वतःच्या सर्व्हिसवर १५-४० झालं तेव्हा मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. पॅरिस डोळ्यासमोर आलं. परत आलो तर ५-३!

विम्बल्डन एकेरी जिंकणारा पहिला इटालियन. चौथा_सेट, कुठे आहात?

---

चौथा_सेट

इथेच आहे, पेढे वाटतोय. पण दोन खुसपटं काढणारच. एक, चौथ्या फेरीत दिमित्रोव दोन सेट पुढे होता आणि छातीचा स्नायू दुखावल्याने बिचाऱ्याला सोडावं लागलं. तो टिकता तर? दोन, फायनल साधारण तीन तासांत संपली. माझा आक्षेप चार तासांनंतरचा आहे, तो जिथल्या तिथेच.

---

गुडघेवाली_ताई

पस्तीस दिवसांत अशा कसलेल्या खेळाडूचा दमसास फारसा बदलत नाही, हे लक्षात घ्या. त्यासाठी महिने लागतात आणि या लोकांना मोकळा मिळतो तो डिसेंबर, तोही अर्धा. म्हणजे पॅरिसचा सिनर आणि विम्बल्डनचा सिनर शरीराने एकच. गवतावर रॅली छोट्या, सर्व्हिसला जास्त भाव, थांबून-वळण्याचा मार कमी. बदललं ते गणित.

अल्कराझचंही २०२३ मध्ये तसंच झालं होतं. पॅरिसला अंग आखडलं आणि पाच आठवड्यांनी विम्बल्डनला त्याच जोकोविचला ४ तास ४२ मिनिटांत हरवलं. पाच आठवड्यांत त्याने नवी फुप्फुसं बसवून घेतली नव्हती.

---

नेटकॉर्ड

सगळे सिनर-अल्कराझमध्येच अडकलात. त्याच आठवड्यातली महिलांची फायनल बघितलीत का? अनिसिमोवा, श्वियाँतेककडून ०-६, ०-६. ५७ मिनिटं. पाच तास लढून हरणाऱ्याला निदान टाळ्या तरी मिळतात. हिला सेंटर कोर्टवर माइक हातात घेऊन रडत बोलावं लागलं. माझ्या मते हा पराभव पॅरिसपेक्षा जड. यात "दम कमी पडला" हे कारणही देता येत नाही.

---

नेटकॉर्ड, ४ सप्टेंबर २०२५

स्वतःच्याच प्रतिसादाखाली लिहितेय. यूएस ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत अनिसिमोवाने श्वियाँतेकला ६-४, ६-३ हरवलं. दोन महिनेही झाले नाहीत! आणि आदल्या रात्री तिने विम्बल्डनची ती फायनल मुद्दाम पुन्हा पाहिली म्हणे. मला शाळेतली गणिताची नापास झालेली उत्तरपत्रिका आजही उघडवत नाही.

---

भिंतीवरचा_चेंडू

नेटकॉर्ड, माझ्या मुलांना उद्या हेच सांगणार. वहीवाले आम्ही एकटे नाही.

---

निशाचर, ८ सप्टेंबर २०२५

यूएस ओपन फायनल, अल्कराझ ६-२, ३-६, ६-१, ६-४. इथे दमाचा संबंधच नाही, सिनर खेळातच मागे होता. मला आवडलं ते नंतरचं त्याचं बोलणं. माझ्या खेळाचा अंदाज सहज बांधता येतो, आता बदल करून बघणार, त्यापायी काही सामने हरलो तरी चालेल, अशा अर्थाचं म्हणाला. चोविसाव्या वर्षी, चार ग्रँड स्लॅम घरात असताना.

---

चौथा_सेट, ६ ऑक्टोबर २०२५

सांगा आता. शांघायची स्पर्धा, समोर ग्रीकस्पूर, तिसरा सेट २-३, आणि सिनर पाय ओढत ओढत बेंचकडे. गोळे. सामना सोडला. तीन सेटचा सामना, अडीच तासांच्या आसपास. माझा चार तासांचा सिद्धांत मीच मागे घेतो, आकडा खाली आणावा लागेल.

---

टायब्रेकर

चार-पाच दिवसांपूर्वी बीजिंग जिंकून आलाय हो तो! आणि शांघायला त्या आठवड्यात जोकोविचलाही कोर्टवर उलटी झाली. हवाच तशी होती.

---

गुडघेवाली_ताई

टायब्रेकर यांना दुजोरा. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग गार होतं. शरीराचं तापमान चढत जातं, रक्त त्वचेकडे वळतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं. त्यात प्रत्येकाच्या घामाचं प्रमाण वेगळं, त्यातलं मीठही वेगळं. उष्णता सोसणं हा दमाहून निराळा गुण आहे आणि तो कमवायला त्या हवेत दहा-बारा दिवस तरी मुरावं लागतं. एक स्पर्धा संपवून विमानाने दुसरीकडे उतरणाऱ्याला ते कुठून मिळणार?

तरीही, चौथा_सेट, तुमचा हा आक्षेप मला पॅरिसच्या आक्षेपापेक्षा खरा वाटतो. उन्हात त्याला त्रास होतो हे एकदाच दिसलेलं नाही.

---

जुना_व्हॉली

जोकोविच २००९, मेलबर्न, ऊन. मी वर लिहिलंय. परत लिहीत नाही.

---

टायब्रेकर, १७ नोव्हेंबर २०२५

सिनर व्हिएन्ना जिंकला, पॅरिस मास्टर्स (फ्रेंच ओपनहून वेगळी स्पर्धा) जिंकला आणि काल तुरिनमध्ये वर्षअखेरची एटीपी फायनल्स, अल्कराझला ७-६, ७-५. अख्ख्या स्पर्धेत एक सेट गमावला नाही. आणि ती सर्व्हिस बघितलीत? सप्टेंबरपासून त्याने तिच्यावर जे काम केलंय ते उघड दिसतंय.

---

भिंतीवरचा_चेंडू

तेच. फुकटचे पॉइंट मिळाले की पाय वाचतात. एका सर्व्हिस गेमला दोन पॉइंट रॅलीशिवाय आले तर चौथ्या तासासाठी केवढं शिल्लक राहतं हिशेब करा. त्या मुलीच्या वडिलांना मी हा सामना बघायला लावला. ते म्हणाले, "म्हणजे पळवायचं नाहीच का?" मी म्हटलं, पळवायचं, पण आधी सर्व्हिस.

---

चौथा_सेट

अभिनंदन, आनंद, सगळं आहेच. पण तुरिन म्हणजे छताखाली, गार हवेत, तीन सेटचे सामने, आणि अल्कराझची मांडीही दुखावलेली. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळणारच नव्हतं. जानेवारीत मेलबर्नला भर दुपारी, पाच सेट, समोर कुणीतरी चिवट, असा सामना लागू दे. हाच धागा वर काढतो.

---

निशाचर

काढा. आणि या वेळी टीव्हीचा आवाज चालू ठेवा, मेलबर्नचे दुपारचे सामने आपल्याकडे सकाळीच असतात.

---

फक्त_वाचतो

ताई, प्रिंट घरी दाखवला. रोज जिना दोनदा चढायला सांगितलंय.